गोल्डफिश, एक सम्राज्ञी आणि माझी खोडलेली ओळ

पुढच्या वेळी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलात तर एवढं करा. ओरांडा किंवा रांचू जातीचा गोल्डफिश ज्या टाकीत असेल तिच्यासमोर उभं राहू नका. दुकानदार हो म्हणाला तर टाकीवर वाकून वरून बघा. समोरून हा मासा तसा बेढबच दिसतो. फुगलेलं पोट, डोक्यावर मांसाचा गोंडा, आणि पोहताना चाललेली सगळी तारांबळ. वरून मात्र त्याची शेपटी उघडलेल्या पंख्यासारखी दोन्ही बाजूंना पसरते आणि मधलं आखूड, गोल शरीर एकदम शोभायला लागतं. असं का होतं? कारण काचेच्या सपाट टाक्या घरोघरी येण्याआधी कित्येक शतकं लोक या माशाची फक्त पाठ बघत होते. जी बाजू दिसत होती तीच त्यांनी घडवली.

हे वाक्य आता मी सहज लिहिते, पण इथवर यायला मला माझ्या प्रबंधातली एक लाडकी ओळ खोडावी लागली. आजचा लेख त्या ओळीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधन आराखडा लिहिताय, 'विषय सापडला पण प्रश्न सापडत नाही' असे मेल मला येतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

माझा विषय शोभेसाठी पाळलेल्या प्राण्यांचा इतिहास. गोल्डफिश हे त्यातलं एक प्रकरण. मूळ मासा अगदी साधा: रोहू-कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला, चीनच्या नद्या-तळ्यांत राहणारा, मातकट हिरवट रंगाचा आणि खाण्याचा. अशा माशांत अधूनमधून एखादा लालसर-पिवळा निपजतो, कारण अंगातलं काळं रंगद्रव्य नाहीसं होतं. नदीत असा मासा फार दिवस टिकत नाही, बगळ्याला तो लांबूनच दिसतो. पण चीनमध्ये बौद्ध लोक पुण्यासाठी जिवंत मासे विकत घेऊन मंदिराच्या तळ्यात सोडायचे, आणि तिथे त्यांना कोणी मारत नसे. असे वेगळे दिसणारे मासे या तळ्यांत वाचले आणि वाढले. इथपर्यंतच्या गोष्टीवर फारसा वाद नाही.

वाद, निदान माझा आणि माझ्या गाइड मॅडमचा, पुढच्या ओळीवर झाला. मी लिहिलं होतं: "1162 मध्ये सोंग घराण्याच्या सम्राज्ञीने लाल आणि सोनेरी माशांसाठी खास तळं बांधून घेतलं आणि राजघराण्याबाहेरच्या लोकांना सोनेरी मासे पाळायची बंदी केली, इथून गोल्डफिशच्या संवर्धनाला सुरुवात झाली." छान ओळ होती हो. साल होतं, राणी होती, बंदीही होती. मॅडमनी पेन्सिलीने बाजूला एवढंच लिहिलं: "हे तुला कोणी सांगितलं?"

मला सांगितलं होतं एका लेखाने. त्याला सांगितलं होतं एका पुस्तकाने, ते पुस्तक मत्स्यपालनाच्या एका हौशी पुस्तिकेकडे बोट दाखवत होतं, आणि पुस्तिकेत तळटीपच नव्हती. आठ दिवस या साखळीमागे लागल्यावर माझ्या हातात काय उरलं, तर सम्राट गावझोंग 1162 मध्ये गादी सोडून हांगझोऊच्या देशोऊ राजवाड्यात राहायला गेला, आणि तिथल्या तळ्यात सोनेरी मासे होते. म्हणजे राजवाड्यात मासे असल्याचा आधार मिळाला. बंदीचा आधार मला एकाही मूळ ग्रंथाच्या नावानिशी मिळाला नाही. पिवळा हा चीनमध्ये सम्राटाचा रंग, मग पिवळ्या माशांवर बंदी असणारच, अशी कुणाच्या तरी मनात जुळवाजुळव झाली असावी, हा माझा अंदाज. पण अंदाज तो अंदाज. ओळ खोडली.

खोडली आणि दोन दिवस चक्क रुसून बसले. मग त्याच काळातलं खरोखर लिहिलेलं काही आहे का, ते शोधायला लागले, आणि युए खे भेटला.

युए खे हा सोंग काळातला विद्वान अधिकारी, प्रसिद्ध सेनापती युए फेई याचा नातू. त्याचा 'तिंगशी' नावाचा संग्रह साधारण 1214 चा. ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींच्या त्या टिपणांत एक टिपण माशांवर आहे. (मी चिनी शिकतेय, पण अभिजात चिनी अजून शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचते, आणि एका मैत्रिणीकडून तपासून घेते. हे कबूल करायला लाजू नका. भाषा अर्धवट येत असेल तर प्रबंधात तसं लिहा.) तो सांगतो की राजधानीत, म्हणजे हांगझोऊत, मासे पाळणारे काही लोक आहेत आणि त्यांना माशाचा रंग सोनेरी करता येतो. श्रीमंत लोक दगडी हौद खोदून घेतात आणि खिडकीखाली, पागोळ्यांशी हे मासे ठेवतात. मासेवाल्यांना युक्ती विचारली तर ते सांगत नाहीत. कोणी म्हणतं, बाजारातल्या गटारांतले बारीक तांबडे किडे खायला घालतात आणि शंभर दिवसांत मासा बदलतो, आधी चांदीसारखा पांढरा, मग पिवळसर, आणि शेवटी सोनेरी. आणि यानंतर युए खे जे म्हणतो त्यासाठी मी त्याच्या प्रेमात आहे: हे खरं की खोटं, ते तपासायला आपल्याला सवड मिळालेली नाही.

आठशे वर्षांपूर्वीचा माणूस ऐकीव माहिती आणि तपासलेली माहिती वेगळी ठेवतोय. आणि मी, हाताशी एवढं मोठं ग्रंथालय असताना, राणीची गोष्ट तशीच्या तशी उतरवून मोकळी!

आता या टिपणाचं करायचं काय? नवख्या संशोधकाच्या हातून इथे दोन्हीकडून चूक होते. एक तर 'सोंग काळात आहाराने माशांचा रंग बदलत असत' असं ठोकून द्यायचं, नाहीतर 'अंधश्रद्धा' म्हणून पान उलटायचं. मी एका मत्स्यशास्त्रवाल्या मित्राला ते टिपण वाचून दाखवलं. तो म्हणाला, मासा स्वतःच्या शरीरात लाल-पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं तयार करू शकत नाही, ती त्याला खाण्यातूनच मिळतात. डबक्यातल्या तांबड्या किड्यांत ती असतात. म्हणजे किड्यांनी रंग खुलतो, हे बरोबरच. शिवाय गोल्डफिशची पिल्लं जन्मतः गडद मातकट असतात आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांचा काळेपणा जाऊन आतला रंग वर येतो. तेव्हा रंग बदलताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. फक्त साध्या खायच्या माशाला किडे चारून गोल्डफिश करता येत नाही, ते रक्तातच असावं लागतं. मासेवाल्यांनी वेगळी वीण जपून ठेवली होती आणि गिऱ्हाइकाला किड्यांची गोष्ट सांगितली, असं मला वाटतं. धंद्यातलं गुपित असंच तर राखतात.

त्याच टिपणात आणखी एक तपशील आहे. वू शी नावाचा सेनापती, जो पुढे बंड करून 1207 मध्ये मारला गेला, तो सिचुआनला परत जाताना हे मासे घेऊन गेला, आणि त्यासाठी तळ्याचं पाणी भरलेली तीन मोठी गलबतं सोबत नेली. राणीच्या तळ्यापेक्षा मला ही गलबतं जास्त बोलकी वाटतात. मासे किती मौल्यवान होते ते कळतं, आणि ते न्यायला केवढा खटाटोप लागत होता तेही कळतं. तळ्याशिवाय मासा नाही, मासा न्यायचा तर तळंच उचलून न्यायचं!

पण एक लक्षात घ्या. युए खेच्या टिपणात मासे रंगाचे आहेत. सोनेरी आहेत, आणि हिमासारख्या अंगावर काळे चकचकीत ठिपके असलेला एक आहे. दुहेरी शेपटी, गोल पोट, बाहेर आलेले डोळे यांचा पत्ता नाही. म्हणजे आपण ज्याला हौसेने 'फॅन्सी' गोल्डफिश म्हणतो तो अजून जन्मायचाच आहे. मग तो कधी आणि कशामुळे जन्मला? प्रश्न सापडला तो इथे. 'गोल्डफिशचा इतिहास' हा विषय झाला. 'सोनेरी मासा होताच, मग तीनशे वर्षांनी त्याचा आकार का बदलला?' हा प्रश्न झाला.

मधली तीनशे वर्षं मी इथे भराभर ओलांडते. सोळाव्या शतकात हांगझोऊचाच लांग यिंग लिहितो की 1548 पासून शहरात एक लालभडक मासा आलाय, लोक त्याला अग्निमासा म्हणतात. तो आवडत नाही असा माणूस नाही, पाळत नाही असं घर नाही. रंगावरून चढाओढ, नफ्यासाठी धडपड, आणि काहींकडे तर दहाच्या वर रांजण. 1596 साली छापलेल्या 'बेनत्साव गांगमू' या औषधीग्रंथात ली शिझेनही म्हणतो की सोंग काळापासून लोक हे मासे पाळू लागले आणि आता ते घरोघरी आहेत.

रांजण! तळं नाही, हौदही नाही. घराच्या अंगणात मावणारं, एका माणसाला देखरेख करता येईल असं भांडं. याने काय फरक पडतो ते नीट बघा. तळ्यात पाचशे मासे एकत्र असतात. कोणाची वीण कोणाशी झाली, कळायला मार्ग नाही. जरा अधू मासा असेल, शेपटी फाटलेली, पाठीवरचा पर नसलेला, तर तो खाण्याच्या शर्यतीत मागे पडून मरतो. रांजणात शर्यत नाही, शत्रू नाही. अधू मासाही जगतो, आणि मालकाला आवडला तर त्याचीच जोडी लावता येते. तळ्यातलं व्यंग रांजणात वैशिष्ट्य झालं.

हे सगळं मी कल्पनेने लिहीत असते तर मॅडमनी पुन्हा पेन्सिल उचलली असती. पण आधार आहे, आणि तो फार सुंदर आहे. त्याच 1596 मध्ये झांग चियांदे याने 'झूशा यू पू' लिहिलं, म्हणजे हिंगुळी माशांची वही. संपूर्ण गोल्डफिशलाच वाहिलेला हा ग्रंथ. लेखकाचा जन्म 1577 चा, तेव्हा हे लिहिताना त्याचं वय एकोणीस-वीस! हाच पुढे चित्रकला आणि सुलेखनाचा नामांकित संग्राहक झाला, आणि त्याची चित्रांची सूची आजही अभ्यासक वापरतात. हे ठाऊक असलं की वही वाचताना डोळे उघडतात. तो माशांकडे चित्रं बघावीत तसंच बघतो. मासे पहाटे उठून बघावेत, सूर्य नुकता वर येत असताना, असं तो सांगतो. इतर माशांच्या शेपटीला दोनच फाटे, पण यांच्यात तीन, पाच, सात, नऊ फाट्यांची शेपटीही असते, अशी तो नोंद करतो. म्हणजे सोळावं शतक संपता संपता आकार बदललेला होता.

आणि मग येते ती निवडीची रीत. दर उन्हाळ्यात बाजारातून काही हजार मासे आणावेत. काही दशक रांजणांत वाटून ठेवावेत. रोज बघावं आणि जे बरे नाहीत ते काढून टाकत जावं. शंभरातले एक-दोन राखावेत, ते दोन-तीन रांजणांत एकत्र करून जिवापाड सांभाळावेत, म्हणजे दुर्मीळ प्रकार आपोआप जमतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने ओरडलेच, कारण डार्विनच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी निवडपद्धत शब्दशः लिहिलेली सापडली होती. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'शंभरातले एक-दोन' इथे अडकले. उरलेले अठ्ठ्याण्णव? त्या वाक्यात त्यांच्या वाट्याला फक्त 'काढून टाकावे' एवढंच आलंय. आपण संग्रहालयात, चित्रांत, दुकानात जे बघतो ते दोन टक्क्यांचे वंशज. त्यांना 'चिनी सौंदर्यदृष्टीचा आविष्कार' म्हणताना माझा हात जरा अडखळतो. आजही या माशांपैकी बऱ्याच जणांना आखडलेल्या अंगामुळे तोल सांभाळायला त्रास होतो, पोटात हवा धरून ते उलटे तरंगतात, ज्याच्या घरी ओरांडा आहे त्याला हे सांगायला नको. मी प्रकरणात दोन्ही लिहिलंय. एका तज्ज्ञांचा अभिप्राय आला की इतिहासकाराने हळवं होऊ नये. मी ते वाक्य ठेवलंय.

आता थोडं डार्विनबद्दल, कारण तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. पाळीव प्राण्यांतील बदलांवरच्या त्याच्या 1868 च्या ग्रंथात गोल्डफिश आहे. 1780 मध्ये सोव्हिन्यी या फ्रेंच लेखकाने रंगीत चित्रांसह 89 प्रकार वर्णिले होते, त्याचा तो उल्लेख करतो. तिप्पट शेपटीसारख्या गोष्टींना प्रकार म्हणावं की विकृती, असा प्रश्नही त्याला पडतो. चिनी आधार त्याला मेयर्स नावाच्या इंग्रजाच्या भाषांतरातून मिळाले. त्यात एका 'आणखी जुन्या' ग्रंथातला मजकूर आहे: घरोघरी मासा, रंगाची चढाओढ, नफा. ओळखलंत? माझ्या वाचनाप्रमाणे तो आपला लांग यिंग. डार्विनच्या पानावर त्याचं नाव नाही. दुय्यम साधनं वाचताना अशी नाव पुसलेली माणसं शोधत चला, बऱ्याचदा मूळ साधनाचा रस्ता तिथूनच जातो.

तळं ते रांजण हा युक्तिवाद मात्र माझा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो चेन झेन यांचा. ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांच्याकडे शिकलेले आनुवंशशास्त्रज्ञ. पारदर्शक खवल्यांचा गुण गोल्डफिशमध्ये मेंडेलच्या नियमाने उतरतो, हे त्यांनी 1928 च्या निबंधात दाखवलं. आणि मग 1954 मध्ये याच माणसाने जुने चिनी ग्रंथ पालथे घालून गोल्डफिश माणसाळण्याचा इतिहास लिहिला. आधी तळं, मग रांजण, मग जाणीवपूर्वक निवड, हा क्रम त्यांनी मांडला.

इथे सालाकडे बघा. 1954. त्या वर्षांत चीनमध्ये सोव्हिएत प्रभावाखाली लायसेंकोवादाचा जोर होता आणि मेंडेल-मॉर्गन परंपरेचं नाव घेणं अडचणीचं होतं. 1956 मध्ये छिंगदाव इथे आनुवंशशास्त्राची परिषद झाली, तेव्हा कुठे हवा बदलली. अशा काळात मॉर्गनचा विद्यार्थी परिस्थिती बदलल्याने मासा बदलला यावर भर देतो, तेव्हा इतिहासकाराने कान टवकारायलाच हवेत. मी दोन महिने याच शंकेत होते की भांड्यावरचा भर पुराव्यातून आलाय की काळाच्या दबावातून? शेवटी मी चेन झेन बाजूला ठेवून लांग यिंग आणि झांग स्वतंत्रपणे वाचले, आणि दोघांच्याही पानावर रांजण होतेच. युक्तिवाद टिकला. ज्याच्या खांद्यावर उभे आहात त्याची तारीखही तपासा, एवढंच.

हल्ली एक नवं साधन हाती आलंय, ते म्हणजे माशाचं शरीर. 2014 मध्ये जपान आणि तैवानच्या संशोधकांनी दाखवलं की दुहेरी शेपटीमागे कॉर्डिन नावाच्या जनुकातला एक बदल आहे. त्या जनुकात मध्येच 'थांबा' अशी खूण आलीय, त्यामुळे प्रथिन अर्धवट राहतं. एरवी असा बिघाड महागात पडतो. पण या माशाच्या पूर्वजांत प्राचीन काळी सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता, त्यामुळे कॉर्डिनच्या दोन प्रती आहेत, आणि दुसरी प्रत काम भागवते. म्हणून मासा जगतो, शेपटी तेवढी दुभंगते. अशी शेपटी तळ्यातही अधूनमधून निपजली असेल. पण ती कोणी राखली, कोणत्या भांड्यात, कोणाच्या चढाओढीत, हे जनुक सांगत नाही. तिथे लांग यिंगच लागतो.

आणखी एक खड्डा दाखवते आणि थांबते. 'ओरांडा' हे नाव जपानी आहे आणि त्याचा अर्थ 'हॉलंडचा'. डच व्यापाऱ्यांनी आणलेला मासा असं मी टिपून ठेवलं होतं. चूक! त्या काळच्या जपानात बाहेरून आलेल्या नवलाईच्या वस्तूला सर्रास 'हॉलंडची' म्हणत. मासा चिनी वंशाचा. नावावरून मूळ ठरवणं किती धोक्याचं ते आपल्याला शिकवायला नको, आपण बटाटेवड्यात मिरची घालून तिला आपलीच समजणारे लोक.

सुधारलेलं प्रकरण मॅडमना मागच्या महिन्यात दिलं. राणी नाही, बंदी नाही, साल 1548 आणि 1596, आणि जागोजागी 'रांजण'. पेन्सिलीची एकच खूण होती, एका 'रांजणा'भोवती गोल: "कसला?"

झांगच्या वहीत उत्तर होतं, मीच घाईत ओलांडलं होतं. हिंगुळी माशांसाठी त्सिझोऊच्या भट्टीतला पांढरा रांजण सगळ्यात चांगला, असं तो म्हणतो. हांगझोऊ आणि यीशिंगचेही चालतात, पण त्यांचा रंग तितका बरा नाही. पांढऱ्या तळावर लाल मासा, आणि बघणारा वरून वाकलेला. तळटीप घातली.